दुकानाच्या फळीवरचा रेडिओ

मे महिना सरत आला की मालवणच्या बाजारपेठेत आगोटीची खरेदी सुरू होते. पाऊस दाराशी येऊन ठेपण्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याची कोकणची ही जुनी रीत. तांदूळ, डाळी, मीठ, मिरच्या, चहा, साखर, काडेपेट्या, कंदिलाच्या काचा आणि ताडपत्री यांच्या यादीत एकेकाळी आणखी एक नोंद हटकून असे, ती म्हणजे रेडिओचे सेल. जाणता दुकानदार जूनपूर्वीच सेलांची खोकी मागवून ठेवी. पावसाळ्यात एकदा वीज गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसे आणि आडगावांत तर ती मुळात पोहोचलेलीच नव्हती. आज त्याच दुकानांत सेल विकले जातात ते भिंतीवरच्या घड्याळासाठी आणि टीव्हीच्या रिमोटसाठी. रेडिओसाठी जाडे सेल मागणारे गिऱ्हाईक आले, तर दुकानदार मान वर करून त्याच्याकडे पाहतो.

हा बदल केवळ आवडीनिवडीचा असता, तर हळहळ व्यक्त करून तो सोडून देता आला असता. ग्रामोफोन गेला, टेपरेकॉर्डर गेला, तसाच रेडिओही गेला असे म्हणून विषय संपला असता. परंतु वादळाच्या वाटेवर वसलेल्या किनाऱ्याच्या बाबतीत तो इतक्या सहजासहजी संपत नाही.

व्यापारी घरातील रेडिओची जागा ठरलेली असे. गल्ल्याच्या वर, तसबिरींच्या शेजारी, हात पोहोचेल पण मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर तो ठेवलेला असे. सकाळी दुकान उघडून झाडलोट झाली की बातम्या लागत. शेतमालाचे बाजारभाव लागले की हिशेबाची वही थोडा वेळ मिटली जाई, कारण दलालाचे पत्र येईपर्यंत जे कळत नसे ते येथे आधीच कानी पडे. दुकानासमोरच्या बाकावर चार माणसे बातम्या ऐकायला बसत. हा खर्च दुकानदाराला परवडत असे, कारण बातम्या ऐकायला आलेला माणूस निदान चहाची पुडी तरी घेऊन जाई. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरांत रात्री आठचा वेळ मोकळाच असे. बुधवारी त्या वेळी सिलोनवरून गीतमाला लागे. घरातील वडीलधाऱ्यांना ती पसंत असो वा नसो, ती ऐकू न येईल इतके लांब कोणी जात नसे.

रेडिओ बाळगणे ही तेव्हा सरकारदरबारी नोंद होण्याजोगी गोष्ट होती. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यान्वये प्रत्येक संचाला परवाना लागे. तो टपाल कार्यालयातून मिळे आणि दरवर्षी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यास हे परवाने रद्द होईपर्यंत अनेक घरांच्या तिजोरीत दागिन्यांच्या डबीशेजारी रेडिओच्या परवान्याची छोटी पुस्तिका जपून ठेवलेली असे.

निर्वात नळ्यांचे जुने संच विजेवर किंवा जड बॅटरीवर चालत, त्यामुळे किनाऱ्यावर ते मोजक्याच घरांत दिसत. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, १९५४ साली पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ तेथील बाजारात आला आणि पुढील दशकात तो आपल्याकडे पसरला. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. फिलिप्स, बुश ही नावे घरातील माणसांसारखी घेतली जात. चामड्याचे कव्हर आणि खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला हा संच दुकानातून पडवीत, पडवीतून होडीवर आणि होडीवरून पुन्हा घरी असा हिंडू लागला. सेल मंदावले की ते उन्हात ठेवायचे आणि आणखी चार दिवस रेटायचे, हा काटकसरीचा उपाय न केलेले घर विरळाच.

मालवणच्या भूगोलाचा रेडिओला मोठा फायदा होता. मध्यमलहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, दिवसा पृष्ठभागाला बिलगून प्रवास करतात. कोरड्या, खडकाळ जमिनीवर त्या लवकर क्षीण होतात, खाऱ्या पाण्यावरून मात्र दूरवर जातात. त्यामुळे मुंबई सुमारे तीनशे किलोमीटर दूर असली, तरी समुद्रावरून येणारा तिचा आवाज किनाऱ्यावर पोहोचत असे. लघुलहरी म्हणजेच शॉर्टवेव्हची रीत निराळी आहे. त्या आकाशात उंच जातात, आयनांबराच्या थरावरून वळून पुन्हा जमिनीवर उतरतात आणि अशा उड्या मारीत हजारो किलोमीटर ओलांडतात. दिवसा पंचवीस मीटरच्या आसपास, रात्री एकेचाळीस किंवा एकोणपन्नास मीटरच्या आसपास काटा फिरवायचा, हे ज्ञान कोणत्याही शाळेने न शिकवता घरोघरी झालेले होते. आवाज मध्येच विरे, पुन्हा भरून येई, त्यात समुद्राच्या गाजेसारखी एक खरखर मिसळलेली असे.

सिलोनच्या लोकप्रियतेमागे दोन गोष्टी होत्या. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने कोलंबोजवळ सैनिकांसाठी शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारला होता, तो युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आला. दुसरी गोष्ट आपल्या बाजूची. १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताच्या आग्रहापायी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला. त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. केसकर यांचा हेतू शुद्ध होता. व्यापाऱ्याला मात्र हे सांगावे लागत नाही की आपल्या दुकानात एखादा माल ठेवायचा नाही असे ठरवले, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, सरकारने विविध भारती सुरू केली. तिची सुरुवातही लघुलहरींवरच झाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून तिच्यावर जाहिराती लागू लागल्या आणि साबण, केशतेल, चहा यांची नावे खेड्यापाड्यांतील गिऱ्हाईक दुकानदाराच्या आधी सांगू लागले.

परंतु या जिल्ह्याचा नभोवाणीशी असलेला सर्वांत मोलाचा संबंध करमणुकीचा नाही. तो आंबोलीच्या रानातला आहे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. सावंतवाडी-बांद्याकडून गोव्यात जाणारा माल थांबला, पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार तुटले आणि सीमेपलीकडे काय चालले आहे हे कळण्याचे मार्गही बंद झाले. अशा वेळी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून ‘गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज’ या अर्थाच्या नावाचे एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोन तरुण कार्यकर्त्यांनी ते चालवले. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून ते गोव्यातील जनतेला स्वातंत्र्यलढ्याच्या बातम्या देत आणि पोर्तुगीज सरकारच्या प्रचाराचे खंडन करीत. आंबोलीचा पाऊस, धुके आणि ओल ज्यांनी अनुभवली आहे त्यांना त्या रानात यंत्रे कोरडी ठेवणे म्हणजे काय याची कल्पना येईल. पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात हलवण्यात आले. सहा वर्षे ही माणसे लोकांपासून दूर, श्वापदांच्या सोबतीत राहिली. त्यांना न पाहिलेले लोक दार लावून, आवाज अगदी बारीक करून त्यांना ऐकत राहिले. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य गोव्यात शिरले, १८ तारखेस हवाई दलाने बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. तेव्हा या दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावर ती वार्ता गोव्याच्या आकाशात घोषित केली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. आंबोलीला धबधबा पाहायला जाणाऱ्या सहलींना हे ठाऊक असतेच असे नाही.

नाकेबंदीच्या काळात जे खरे होते, ते समुद्रावर रोजच खरे असते, कारण तेथे बातमी दुसऱ्या कोणत्याही वाटेने येत नाही. किनाऱ्यावर बंदरातील बावटा दिसतो. तीन नंबरचा बावटा चढला की शहाणा तांडेल होडी लोटत नाही. पण जो आधीच बाहेर पडला आहे त्याला बावटा कसा दिसणार? त्याच्यासाठी होडीवरचा ट्रान्झिस्टर होता. मच्छीमारांसाठीचा इशारा बातम्यांच्या शेवटी लागे. त्या दोन वाक्यांसाठी संपूर्ण बातमीपत्र ऐकले जाई. १९७७ साली रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर हा इशारा आपल्याच मुलखातून, ओळखीच्या गावांची नावे घेऊन येऊ लागला.

मग हे सारे विरले कसे? दूरदर्शन आले, केबल आली, नंतर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. कमी ठाऊक असलेली कारणे दोन आहेत आणि ती अधिक निर्णायक आहेत.

पहिले कारण हिशेबाचे. अडीचशे किलोवॅटचा प्रक्षेपक एक तास चालला की किमान अडीचशे युनिट वीज खर्ची पडते. दिवसाचे चार तास धरले तर हजार युनिट. आणि ऐकणारे किती, कोठे, कोणत्या वयाचे, हे मोजण्याची सोय नाही. मोबाइलवर कोणी किती सेकंद काय पाहिले याची नोंद मिळते. ज्या व्यवसायात खर्च निश्चित आणि गिऱ्हाईक अदृश्य, तो व्यवसाय कोणता पेढीवाला चालू ठेवील? व्हॉइस ऑफ अमेरिकाची हिंदी नभोवाणी सेवा २००८ साली थांबली. जर्मनीच्या डॉइचे वेलेचे हिंदी लघुलहरी प्रसारण २०११ साली बंद पडले. बीबीसीची सेवा ११ मे १९४० रोजी सुरू झाली होती. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींवरील हल्ल्यानंतर खरे काय घडले हे जाणून घेण्यासाठी बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही बीबीसीच लावली होती. त्या बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले. घरातील संच ठीक होता, सेल नवे होते, काटा जागेवर होता, पण तेथे आता कोणी बोलत नव्हते. म्हणजे श्रोत्यांनी रेडिओ सोडला हे जितके खरे, तितकेच रेडिओने श्रोत्यांना सोडले हेही खरे.

दुसरे कारण घरातच आहे. कौलारू, चिरेबंदी घरात रेडिओलहरी सहज शिरत. लोखंडी सळ्यांच्या स्लॅबखाली त्या अडतात. त्यात भर एलईडी दिव्यांची, मोबाइल चार्जरची आणि इन्व्हर्टरची. या प्रत्येक उपकरणातून एक बारीक विद्युत गोंगाट बाहेर पडत असतो आणि मध्यम व लघुलहरींचे दुबळे ध्वनी त्याखाली बुडून जातात. बिघाड संचात आहे असे समजून लोक तो दुरुस्तीला नेतात. दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात त्याहून अधिक दिवे असतात. संच चांगला आहे की नाही हे पाहायचे असेल, तर घरातील वीज मेन स्विचपासून बंद करून तो लावावा. अनेकदा मेलेला समजलेला रेडिओ तेव्हा बोलू लागतो.

येथे एक गंमतही सांगण्याजोगी आहे. मालवणपासून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरवर, पणजीत, आकाशवाणीने परदेश सेवेसाठी अडीचशे किलोवॅटचे लघुलहरी प्रक्षेपक बसवले. ते दूरदेशीच्या श्रोत्यांसाठी. त्यांच्या लहरी मालवणच्या डोक्यावरून उडी मारून पुढे जातात. शेजारच्याला ऐकू येणार नाही आणि हजार कोसांवरच्याला स्वच्छ ऐकू येईल, हाच लघुलहरींचा स्वभाव. किनाऱ्याच्या रोजच्या कामाला त्या कधीच फारशा नव्हत्या. ते काम मध्यमलहरींनी केले. म्हणून लघुलहरी गेल्या याचे दुःख जुन्या शौकिनांनी करावे, ते योग्यच आहे. बाजारपेठेने मात्र काळजी करावी ती ट्रान्झिस्टर नावाची वस्तूच घरातून नाहीशी झाली याची.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकले. मालवण, देवगड, वेंगुर्ले भागांत झाडे आणि विजेचे खांब कोसळले, घरांची छपरे उडाली, होड्या फुटल्या. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. विजेपाठोपाठ मोबाइलचे मनोरे मूक झाले, कारण त्यांच्याही बॅटरीला मर्यादा असते. टाळेबंदीचे दिवस होते. मुंबई-पुण्यातील मुले गावच्या आईवडिलांचा नंबर फिरवीत राहिली आणि इकडे आईवडिलांच्या हातात होते ते काळ्या काचेचे एक निर्जीव यंत्र. वादळ पुढे गेले की परत फिरले, पाणी वाढणार की ओसरणार, रस्ता कोठे बंद आहे, हे सांगणारा आवाज घरात नव्हता. वीज गेल्यामुळे हवेतील गोंगाट मात्र थांबला होता. पन्नास वर्षांत रेडिओ इतका स्वच्छ लागला नसता, तितका त्या रात्री लागला असता. पण तो होता कोणाकडे?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांत, आपत्तीसाठी घरात तयार ठेवायच्या वस्तूंमध्ये, बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओचा उल्लेख आजही आहे. तो जुनाट सवयीने राहिला असावा असे कोणाला वाटेल. पण २०१८ साली स्वीडनने घरोघरी पाठवलेल्या संकटकाळाच्या पुस्तिकेतही बॅटरीवरच्या रेडिओचा सल्ला होता. युक्रेनवर युद्ध कोसळल्यावर मार्च २०२२ मध्ये बीबीसीने त्या प्रदेशासाठी लघुलहरींवर दररोज काही तासांचे बातम्यांचे प्रसारण नव्याने सुरू केले. आपल्या केंद्र सरकारनेही २०२३ साली मोबाइल उत्पादकांना फोनमधील एफएम रेडिओची सोय बंद ठेवू नये असे सुचवले आणि त्यासाठी आपत्तीचेच कारण दिले. अर्थात फोनची बॅटरी संपली की त्यातील एफएमही संपते, आणि एफएमच्या लहरी डोंगराआडच्या वाडीत पोहोचण्यास नाखूश असतात.

समुद्रावरची व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे हे मान्य केले पाहिजे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकणावर आले तेव्हा समुद्रात गेलेल्या काही होड्या परतल्या नाहीत. त्यानंतरच्या काळात उपग्रहाद्वारे संदेश देणारी साधने आली. २०१९ साली खोल समुद्रातील मच्छीमारांसाठी ‘जेमिनी’ हे उपकरण आले, त्यानंतर दुतर्फा संदेश देणारे ट्रान्सपॉन्डर यांत्रिक नौकांवर बसू लागले. हे ट्रान्झिस्टरपेक्षा निश्चितच चांगले आहे, कारण होडीवरचा माणूस उलट बोलूही शकतो. परंतु ही साधने मोठ्या नौकांची. रापण ओढणारा, छोट्या होडीतून जाळे टाकणारा, आणि घरी वाट पाहणारी त्याची माणसे यांच्यापर्यंत ती पोहोचत नाहीत. दुकानदार, बागायतदार, पर्यटकांना खोल्या देणारी घरे यांचा तर त्यात विचारच नाही.

राहिली वस्तू मिळण्याची गोष्ट. बाजारात आज ‘रेडिओ’ या नावाने जे विकले जाते ते बहुधा पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथ लावण्याचे ध्वनिवर्धक असते. त्यात एफएम असते, मध्यमलहरी बहुधा नसतात, आणि आतली बॅटरी चार्ज करावी लागते, म्हणजे ती पुन्हा विजेवरच अवलंबून. आकाशवाणीने देशभरात अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक डिआरएम या डिजिटल पद्धतीचे केले, पण तसे संच महाग आणि दुर्मीळ असल्याने त्याचा लाभ सामान्य घराला झाला नाही. साधा, सेलांवर चालणारा, मध्यमलहरी आणि एफएम असलेला छोटा संच अजूनही तयार होतो. मागणी नाही म्हणून तो मालवण-कुडाळच्या दुकानांत ठेवला जात नाही, आणि दिसत नाही म्हणून मागणी होत नाही. हा पेच घाऊक खरेदी करणाऱ्यांना नवा नाही. खोके पुढे मांडले की माल हलतो, याचा अनुभव प्रत्येक किराणा दुकानदाराला आहे.

ज्यांना या आगोटीला तो घ्यायचा असेल त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. संच साध्या सेलांवर चालला पाहिजे. त्यावर मध्यमलहरींचा पट्टा असला पाहिजे, आणि दुकानाबाहेर, दिव्यांपासून दूर जाऊन तो लावून पाहिला पाहिजे. रत्नागिरी ११४३ आणि पणजी १२८७ किलोहर्ट्झ या दोन जागांवर काटा आणावा. संच आडवा धरून सावकाश फिरवला की एका दिशेला आवाज स्वच्छ होतो, कारण आतला अँटेना दिशा ओळखतो. त्या जागी पट्टीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी, म्हणजे अंधारात शोधाशोध नको. वापर नसेल तेव्हा सेल काढून वेगळे ठेवावेत. फळीवर वर्षानुवर्षे पडलेले बहुतेक जुने रेडिओ दुसऱ्या कशाने नव्हे, तर आत राहिलेल्या सेलांच्या गळतीने मेले आहेत.